कडब्याला रकाना नव्हता : औसा तालुक्यातल्या एका घराची २०१४ ची गारपीट

बर्फ म्हणलं की लोकांना काश्मीर आठवतं, मनाली आठवतं, आमच्या घरात बर्फ म्हणलं की मार्च २०१४ ची एक दुपार आठवते. मराठवाड्यात बर्फाचं वादळ होत नाही हे मला माहितीय, पण त्या दुपारी आमच्या गावच्या पांदीत घोट्याएवढा पांढरा थर साचला होता आणि लेकरं त्यावरून घसरत होती, तेव्हा ज्यानं ते बघितलंय त्याला वेगळा शब्द शोधायची गरज पडत नाही. त्या गारपिटीवर तेव्हा पेपरात लई आलं, किती जिल्हे, किती हेक्टर, किती कोटी. एका घराचं पुढं काय झालं हे मात्र कुणी शेवटपर्यंत लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही. म्हणून आमच्या घराचंच लिहितोय, त्या दुपारपासून पुढचं दीड वर्ष.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, किल्लारीकडं जाताना लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या जरा आधी भूकंप झाला, गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं थकून झोपलेली होती. जे मेले त्यातले बरेच माळवदाखाली मेले. माळवद म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडं टाकून त्यावर हात हात दोन दोन हात माती, उन्हाळ्यात थंडगार, पण पडलं की सगळं वजन अंगावर. आमच्या गावात नुकसान किल्लारीइतकं नव्हतं पण भीती तेवढीच बसली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ज्यांना जमलं त्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. आमच्या दादांनी (म्हणजे वडिलांनी) पण टाकले, दोन खोल्यांवर लोखंडी आणि गोठ्यावर सिमेंटचे. पत्रा हलका, अंगावर पडला तरी माणूस वाचतो, हे त्यामागचं गणित, आणि ते बरोबर होतं. हे आधीच सांगतोय कारण पुढं याचा संबंध येतो.

शेती साडेतीन एकर, सगळी कोरडवाहूच म्हणा, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. त्या साली अडीच एकर ज्वारी होती, मालदांडी, आणि एक एकर हरभरा. जनावरं चार, देवणी जातीची एक बैलजोडी, एक गाय, एक म्हैस. जोडीतला एक शेवरा होता, पांढऱ्यावर काळे ठिपके, तो दादांनी वासरू असताना आणलेला. २०१२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, त्यात चाऱ्यासाठी दादा कुठं कुठं फिरले ते मी बघितलंय. २०१३ ला पाऊस चांगला झाला आणि ज्वारी अशी आली की डोक्याच्या वर धाट. येळवस (वेळ अमावस्या, शेतात जेवायचा आमचा सण) त्या साली १ जानेवारीला होती, शेतात कडब्याची म्हणजे ज्वारीच्या वाळल्या धाटांची खोप केली, भज्जी, आंबील, सगळा भावकीचा गोतावळा, थंडी एवढी की आंबिलाचा पहिला घोट दाताला कळायचा. त्या दिवशी दादा ज्वारीकडं बघून चुलत्याला म्हणले, "औंदा जनावराची चिंता नाही बग." धान्याचं बोलले नाहीत. कोरडवाहू शेतकरी ज्वारी करतो ती अर्धी जनावरासाठी करतो, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

आमच्याकडं म्हणतात की शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. २०१४ ला शिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. थंडी गेली नाहीच, उलट आभाळ यायला लागलं, रोज दुपारी तीनला ईशान्येकडं काळंभोर आणि संध्याकाळी गार वारं. कुठं निलंग्याकडं गारा पडल्या, कुठं तेव्हाच्या उस्मानाबादकडं पडल्या असे फोन यायचे. मी लातूरला शिकायला होतो, आठवडाभरासाठी काढणीला म्हणून गावाकडं आलेलो. अडीच एकरातली एकरभर ज्वारी उपटून रानात पसरून ठेवली होती, वाळल्यावर कणसं मोडायची आणि पेंढ्या बांधायच्या, बाकीची उभी. हरभरा काढून ढीग घातलेला. म्हणजे पिकाला सगळ्यात जास्त धोका कधी असतो तर नेमका तेव्हा, अर्धं जमिनीवर, अर्धं उभं, घरात काहीच नाही.

चार वाजता वारं एकदम थांबलं. मग पत्र्यावर एक आवाज आला, टण्ण. मग दोन. आणि मग खडीची ट्रॉली पत्र्यावर रिकामी करावी तसा आवाज, आणि तो थांबेचना. समोरच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. भिंतीवरचा देवाचा फोटो थरथरत होता, फळीवरचे डबे वाजत होते. आज्जी बाजेवर पडलेली होती. ती उठली, "भूकंप व्हायलाय रे, भाईर निघा, भाईर निघा" म्हणत माझ्या पुतण्याला बखोटीला धरून दारातनं बाहेर. कुणाला काही कळायच्या आत. अंगणाच्या मधोमध जाऊन थांबली, कारण भूकंपानंतर सगळ्यांना तेच शिकवलेलं होतं, भिंतीपासून लांब, झाडापासून लांब, मोकळ्यात थांबायचं.

मोकळ्यात लिंबाएवढ्या गारा पडत होत्या.

माय भाकरी करत होती, तिच्यासमोर जर्मनची (ॲल्युमिनियमची) परात होती पिठाची. तिनं ते पीठ तसंच भुईवर पालथं केलं आणि परात घेऊन पळाली, आज्जीच्या आणि पोराच्या डोक्यावर धरली आणि तशीच दोघांना ढकलत आत आणली. दहा-बारा पावलांचं अंतर. आज्जीच्या डोक्याला आधीच एक लागलेली होती, रक्त कानामागनं मानेवर आलेलं, आणि मायच्या परात धरलेल्या दोन्ही हातांची बोटं सुजून काळीनिळी झाली, महिनाभर तिला भाकरी थापता येत नव्हती. पोराला खरचटलं सुद्धा नाही. ती परात अजून घरात आहे, तिच्यावर सात पोचे आहेत, एक तर एवढा खोल की त्यात पाणी साचतं, मायनं ती कधी ठोकून सरळ करून घेतली नाही.

आज्जीनं चूक केली असं कुणीही म्हणू नये. तिला जे माहीत होतं ते तिनं केलं, आणि ते तिला एका रात्रीत हजारो माणसं मेल्यावर शिकवलं गेलं होतं. पण यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती मी किल्लारी भागातल्या प्रत्येकाला सांगत असतो. भूकंपात आधी पायाखालचं हलतं. गारपिटीत सगळं वरूनच वाजतं, भुई शांत असते. त्या दिवसानंतर आज्जीला सवय लागलीय, पत्रा वाजला की ती आधी खाली भुईवर तळहात टेकवते, मग ठरवते. आता ती शहात्तर वर्षांची आहे, अजून तसंच करते, जोराचा पाऊस आला तरी. आमच्या शाळांमधनं भूकंपाचं सांगितलं जायचं, त्याच दमात गारपिटीचं सांगायला पाहिजे होतं, की घरातच थांबा, लोखंडी पत्र्याखाली, बाजेखाली जा, बाहेर सापडलात तर डोक्यावर घमेलं, पाटी, काहीही धरा. आणि सिमेंटच्या पत्र्याखाली थांबू नका, कारण आमच्या गोठ्यावरचे सहा पत्रे त्या दिवशी फुटले, तुकडे खाली जनावरांवर पडले, गाईच्या पाठीवर हातभर जखम झाली. भूकंपाच्या भीतीनं घेतलेलं हलकं छप्पर गारांना पुरं पडलं नाही, हा काही कुणाचा दोष नाही, एका संकटासाठी केलेली सोय दुसऱ्याला चालतेच असं नसतं.

पाऊण तास म्हणतात लोक, दादांनी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलेलं आहे "गारा ४ ते ४.२०". वीस मिनिटं.

आता हे झालं कशामुळं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात येतात ते एरवी काश्मीर-हिमाचलला बर्फ पाडून उत्तरेतनंच पुढं जातात. त्या फेब्रुवारी-मार्चला त्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा लई खाली, महाराष्ट्रावर उतरला होता, वर गार हवा, आणि खालून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दोन्हीकडून ओलावा. जमीन तर मार्चची तापलेली. गरम ओली हवा जोरात वर चढली, वर शून्याच्या खाली गेली, थेंब गोठले, वाऱ्यानं ते वर झुलवत ठेवले आणि थरावर थर चढत गेले, वजन पेलेना तेव्हा खाली. गार फोडून बघितली की कांद्यासारखे थर दिसतात, एक दुधी एक पारदर्शक, मी त्या दिवशी विळ्यानं एक अर्धी करून बघितली होती. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत हे चालूच राहिलं आणि तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तडाखा बसला. म्हणजे जे काश्मीरला बर्फ पाडतं त्यानंच आमच्याकडं गारा पाडल्या, फक्त वाट चुकून.

गारा आम्हाला नवीन नाहीत. पण त्या वळवाच्या, पाडव्यानंतरच्या. तोवर ज्वारी खळ्यातनं घरात आलेली असते, कडब्याची बनीम (रचलेली गंजी) लागलेली असते, गारा पडल्या तर आंबा झोडपतो आणि पत्रा वाजतो, संपलं. २०१४ ला पाडवा ३१ मार्चला होता. म्हणजे वादळ तीन-चार आठवडे आधी आलं, आणि नुकसान गारांच्या आकारापेक्षा या तीन-चार आठवड्यांनी केलं असं माझं ठाम मत आहे. माझा एक चुलत भाऊ फौजेत आहे, तो २०१८ च्या नोव्हेंबरात काश्मीरला होता. ३ नोव्हेंबरला तिथं अवेळी बर्फ पडला, त्याचा फोन आला, म्हणला भाऊ इथल्या माणसांची तोंडं बघून मला आपलं गाव आठवलं. तिथं बर्फ दरसाल पडतो, त्याचं त्यांना काही नाही, पण तो पडतो तोवर सफरचंदाची पानं झडून गेलेली असतात, नुसत्या काड्यांवर बर्फ टिकत नाही. नोव्हेंबरच्या सुरवातीला पानं झाडावरच, काही ठिकाणी फळं पण, ओला जड बर्फ पानांवर साचला आणि फांद्या खोडापासनं चिरून खाली आल्या. पुढच्या साली २०१९ ला पण नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तसंच. एक वर्षाचं फळ गेलं तर माणूस सहन करतो, झाडच चिरलं तर पुढची कैक वर्षं जातात. आमचं झाड म्हणजे बैल होते, ते पुढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो तेव्हा बांधाच्या सावलीला गारा अजून होत्याच, एकमेकीला चिकटून ढेकळासारख्या. उभी ज्वारी आडवी झालेली, धाटं कमरेत मोडलेली, पानांच्या नुसत्या चिंध्या. पसरलेली ज्वारी चिखलात दाबून बसवल्यासारखी. हरभऱ्याच्या ढिगात घाटे फुटून दाणे खाली, पाण्यात. बांधावर चिमण्या, होले मरून पडलेले, कितीतरी. आणि एक वास, हिरवा चारा नुकता कापल्यावर येतो तसा, पण सगळ्या शिवारात. दादा काही बोलले नाहीत. खाली बसले, एक कणीस उचललं, हातावर चोळलं, दाणे तोंडात टाकले आणि म्हणले, "दाणा हाय अजून."

दाणा होता, म्हणजे कणसात दाणा शिल्लक होता. हेच पुढं आम्हाला आडवं आलं.

पुढचे पाच-सहा दिवस आभाळ रोज यायचं, दोनदा पाऊस झाला. ज्वारी वाळू शकली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दाण्यावर काळी बुरशी, आणि कडबा आतून काळा पडायला लागला. कडब्याचं असं असतं की एकदा भिजून काळा पडला की जनावर तोंड लावत नाही, लावलं तर पातळ शेण टाकतं. आम्ही पेंढ्या सोडून उन्हाला उभ्या केल्या, उलथ्या-पालथ्या केल्या, काहींवर मिठाचं पाणी शिंपडून घातलं. हजार-अकराशे पेंढ्या व्हायच्या होत्या, खाण्यालायक निघाल्या साडेतीनशे. चार जनावरांना दिवसाला दहा-बारा पेंढ्या लागतात, म्हणजे अकराशेवर आमचा जूनपर्यंतचा, हिरवं गवत येईपर्यंतचा हिशोब बसायचा. साडेतीनशे म्हणजे एक महिना.

पंचनामा झाला तो अकराव्या दिवशी. ५ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, सगळा महसूल त्या कामाला, त्यात पूर्ण जिल्हाच बाधित, तलाठ्याकडं चार-चार गावं. मी त्या माणसाला दोष देत नाही, तो रात्री बॅटरी घेऊन फिरताना मी बघितलाय. पण अकराव्या दिवशी गारा नसतात. गार ही अशी गोष्ट आहे की ती स्वतःचा पुरावा स्वतःच घेऊन जाते. बाकी होती ती आडवी ज्वारी आणि कणसात काळा का असेना दाणा. तेव्हा नियम होता की ५० टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत (तो ३३ टक्क्यांवर आला एप्रिल २०१५ ला, एक वर्ष उशिरा). हरभरा पूर्ण गेला म्हणून लिहिला गेला. ज्वारीला त्यांनी ४५ टक्के लावले, दाणा दिसतोय म्हणून. दादा म्हणले, "साहेब, दाण्याचं जाऊ द्या, कडब्याचं काय?" त्यांनी कागद पुढं करून दाखवला, पिकाचं नाव, क्षेत्र, टक्केवारी. कडब्याला रकाना नव्हता. दादांनी पुन्हा काही विचारलं नाही, चहा पाजला आणि सही केली.

राज्य सरकारनं त्याच महिन्यात मदत जाहीर केली, कोरडवाहूला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५, फळबागेला २५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. आमच्या वाट्याला हरभऱ्याच्या एका एकराचे चार हजार आले. त्याबद्दल तक्रार नाही, ते पैसे आले तेव्हा त्यांचा उपयोगच झाला, सिमेंटचे पत्रे बदलले. काळी ज्वारी व्यापाऱ्यानं अर्ध्या भावानं नेली. पण जे खरं गेलं होतं ते कुठंच लिहिलं गेलं नाही, आणि जे लिहिलं गेलं नाही त्याचाच आम्हाला पुढं मार बसला.

एप्रिल-मे आम्ही कडबा विकत घेतला, शेकड्याचा भाव मागच्या सालच्या दुप्पट, कारण सगळ्या शिवाराचा एकाच दिवशी काळा पडलेला. जूनला गवत यायचं तर २०१४ चा पाऊसच लांबला, जून कोरडा गेला. आधी म्हैस गेली. मग गाय बहिणीकडं पाठवली. पेरणी त्या जोडीवरच कशीबशी केली, पुढं सोयाबीनला पण पाऊस पुरला नाही. दिवाळीनंतर एका रविवारी दादा आणि चुलते पिकअपमधून जोडी घेऊन हाळीच्या बाजाराला गेले. हाळी हंडरगुळी म्हणजे आमच्याकडं देवणीचा मोठा बाजार. त्या दिवशी सगळेच विकायला आलेले, घेणारं कुणी नाही. दादा रात्री परत आले, दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा पिशवीत होत्या, त्या खुंटीला अडकवल्या आणि न जेवता झोपले. २०१५ पण कोरडंच गेलं, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं हे सगळ्या देशानं बघितलं. पण मला कुणी विचारलं की तुमच्या घरचा दुष्काळ कधी सुरू झाला तर मी पाऊस पडला नाही त्या दिवशी म्हणत नाही, चार ते चार वीस म्हणतो. आमच्या घरात त्यानंतर बैल आला नाही, आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर पेरणी.

यातून आम्ही काय बदललं ते पण सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. ज्वारी आता सगळी एकदम उपटत नाही, जेवढी दोन दिवसात बांधून होते तेवढीच. बनीम दगडाच्या ओट्यावर, भुईपासनं वीतभर वर, आणि ताडपत्री जानेवारीतच आणून ठेवायची, आभाळ आल्यावर नाही, तेव्हा दुकानात मिळत नाही. २०१६ पासून पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरायचे आणि नंतर नंतर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं (महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात ती तरतूद काढली), तेव्हापासूनची सवय, गारा पडल्या की पहिल्या तासात फोटो, गारा जमिनीवर असतानाच, शेजारी खुरपं नाहीतर काडेपेटी ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि मागं बांधावरचं ओळखीचं झाड येईल असा. ज्यांच्याकडं फळझाडं आहेत त्यांनी मोडक्या फांद्या नीट कापून जखमेला बोर्डो पेस्ट लावायची, दोन दिवसाच्या आत ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारायचं, कारण गारेची जखम उघडी राहिली की मागून बुरशीच झाडाला खाते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परांडा तालुक्यात माझ्या बहिणीच्या सासरी पाणी घुसलं. सोयाबीन तर गेलंच, पण वाड्यामागची कडब्याची बनीम, पुढच्या उन्हाळ्याची, रात्रीतनं वाहून गेली, खालचे दगड तेवढे राहिले. पंचनाम्याच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. कागद तसाच होता, थोडाफार बदललेला, पण कडब्याला रकाना आताही नव्हता. पंचनाम्याला आलेल्या पोराला मी म्हणलं, नवीनच लागलेला होता, माझ्यापेक्षा लहान, म्हणलं शेऱ्यात लिहा, सातशे पेंढ्या कडबा वाहून गेला, जनावरं पाच. तो म्हणला सर त्याचे पैसे मिळणार नाहीत. म्हणलं मला माहितीय, तुम्ही लिहा. त्यानं लिहिलं. मी त्याचा फोटो काढून दादांना पाठवला, त्यांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं की पेंढ्यांचा आकडा नीट टाकलाय का.